तांत्रिक कारणामुळे

सुगम संगीताच्या कार्यक्रमात निवेदक किती बोलतो हे त्याच्या व्यासंगावर ठरतं, असा श्रोत्यांचा समज असतो. खरं म्हणजे ते मागच्या रांगेतल्या एका पाठीवर ठरतं. कीबोर्डवाला पाठ वाकवून कीबोर्डच्या मागे हात घालायला लागला, की निवेदकाने माइकपाशी यायचं आणि तो सरळ होऊन मान हलवेपर्यंत तिथून हलायचं नाही. बरीच वर्षं निवेदन केल्यावर मला आता त्या पाठीच्या वाकण्यावरून दुखणं ओळखता येतं. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गाणं अशा हिशोबाने सुरू झालं, एवढा किस्सा सैल पिनेला पुरतो. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायचा असेल तर गदिमा आणि बाबूजी दोघांनाही सविस्तर आणावं लागतं. आणि ड्रायव्हर नव्याने टाकायचा असेल तर मात्र छप्पन्नच्या छप्पन्न गाणी.

श्रोत्यांना मी एवढंच सांगतो, की तांत्रिक कारणामुळे थोडा विलंब होतो आहे. ते कारण उलगडून सांगायला बसलो तर नरक चतुर्दशीच्या पहाटे सुरू झालेला कार्यक्रम भाऊबीजेला संपेल. इथे मात्र सांगायला हरकत नाही.

आमच्या संचात कीबोर्डवाल्या काकांचे दोन कीबोर्ड, एक जुना ऑक्टोपॅड, एक लॅपटॉप, एक तबला आणि एक बासरी असते. तबल्याला हातोडी लागते आणि बासरीला फुंकर. ते दोघे सगळ्यांत शेवटी येतात, मांडी घालतात, लावतात, आणि मग उरलेला वेळ बाकीच्यांकडे बघत बसतात. तबलजींच्या त्या बघण्यात एक अतिशय सुसंस्कृत क्रूरपणा असतो.

आता मुळात हे सगळं एकमेकांना जोडायचं कशाला? तर काकांच्या एका कीबोर्डच्या पट्ट्या भारदस्त आहेत, बोटाखाली पियानोसारख्या दबतात, पण आतले आवाज पत्र्याचे. दुसऱ्याचे आवाज मखमली, पण पट्ट्या लहान मुलांच्या खेळण्यातल्या. तेव्हा वाजवायचा पहिला आणि वाजायचा दुसरा, अशी काकांची साधी इच्छा. लॅपटॉपमध्ये सारंगी, संतूर आणि एक फार सुरेख ढोलकी भरून ठेवलेली आहे. ती ढोलकी आपल्या पॅडवरून वाजावी, ही पॅडवाल्याची त्याहून साधी इच्छा. या दोन साध्या इच्छांना इंग्रजीत एमआयडीआय म्हणतात. आमच्यात मिडी.

मिडीबद्दल पहिली गोष्ट कळायला हवी ती ही, की त्या तारेतून आवाज जात नाही. जातो तो निरोप. अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली, आता सोडली. काकांनी डोळे मिटून जीव ओतून लावलेला षड्ज तारेत शिरताना तीन आकडे होतो. कुठल्या चॅनेलवर काय घडलं हा एक, कुठली पट्टी हा दुसरा, आणि किती जोर हा तिसरा. जोर मोजायचा १२७ पर्यंत. त्याच्या वर भावना असेल तर ती ज्याची त्याने घरी न्यायची. मींड घ्यायची तर मात्र नियमावलीने मन मोठं केलंय. स्वर वाकवायला तिथे १६,३८४ पायऱ्या दिल्यात. फक्त कारखान्यातून येताना त्या सगळ्या वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर एवढ्यातच बसवलेल्या असतात. मध्यमावरून तार षड्जापर्यंत जाणारी मींड या वाद्यांना कल्पनेतही परवडत नाही.

आवाज जात नाही हे प्रायोजकांना समजावणं हे एक स्वतंत्र निवेदन आहे. ‘वायर लावलीये ना? मग आवाज का येत नाही?’ हा प्रश्न चकलीचा तुकडा मोडत विचारला जातो आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण कॉम्प्युटरही तसाच घोळ घालतो. यूएसबीच्या नियमांत मिडीला ध्वनीच्या खात्याखाली टाकलेलं आहे. त्यामुळे कीबोर्ड जोडला की पुष्कळदा लॅपटॉपवर ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ असं नाव उमटतं. काही कीबोर्डांत मिडीबरोबर खराखुरा ऑडिओही असतो, आणि तिथे वेगळीच गंमत. लॅपटॉपला वाटतं, वा, स्पीकर आला! आणि तो आपला सगळा आवाज मुकाट्याने कीबोर्डच्या पोटात ढकलायला लागतो. मग मिक्सरवर शांतता, लॅपटॉपवर शांतता, आणि काकांच्या हेडफोनमध्ये लॅपटॉपची बॅटरी संपत आल्याची टिंग.

आवाजांना क्रमांक असतात, हा आणखी एक प्रकार. १९९१ साली १२८ वाद्यांची एक सर्वमान्य यादी ठरली. त्यात सतार १०५ वी. शहनाई ११२ वी. तबला नाही, पेटी नाही, तंबोरा नाही. पण बंदुकीचा बार आहे, अगदी शेवटी, १२८ वा. ज्यांनी यादी केली त्यांनी आपल्याकडचं एकही लग्न नीट ऐकलेलं नसावं, नाहीतर शहनाईला एवढं मागे ठेवलं नसतं. असो. खरी अडचण अशी, की काही कंपन्या १ पासून मोजतात आणि काही ० पासून. ‘शहनाई’ म्हणून ११२ मागावी तर शून्यापासून मोजणाऱ्या यंत्रात त्या जागी किणकिणती घंटी बसलेली असते. आमच्याकडे मंगलध्वनीने सुरू व्हायचा कार्यक्रम असा थेट आरतीच्या वातावरणात सुरू झालेला आहे. श्रोते आदराने उभे राहिले.

पण मला या मिडीबद्दल मनापासून आदर आहे, आणि तो गोल पिनेमुळे. १९८१ साली अमेरिकेत सिंथेसायझर बनवणाऱ्या डेव्ह स्मिथ यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकच बोली असावी असा प्रस्ताव मांडला. जपानमध्ये रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी त्याच विचारात होते. स्मिथ यांची सिक्वेन्शल सर्किट्स आणि जपानच्या रोलँड, यामाहा, कोर्ग, कवाई अशा पाच कंपन्या, ज्यांचा एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणं हाच धंदा, त्या एका टेबलाशी बसल्या. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात एका घरचा प्रॉफेट-६०० आणि दुसऱ्या घरचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले. इकडे पट्टी दाबली, तिकडे आवाज निघाला. त्याच वर्षी नियमावली प्रसिद्ध झाली. कुणी कुणाकडे हक्काचे पैसे मागितले नाहीत. पाच प्रतिस्पर्ध्यांची बैठक झाली आणि त्यातून सहावी संस्था फुटून निघाली नाही, हे पुण्यात राहणाऱ्या माणसाला पटवून द्यायला फार वेळ लागतो. स्मिथ आणि काकेहाशी यांना या कामासाठी २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं, म्हणजे तीस वर्षांनी. पुरस्कारांच्या बाबतीत मात्र सगळीकडे सारखंच आहे.

ती पिन पाच काट्यांची, जर्मन रेडिओ आणि टेपरेकॉर्डरांतून उचललेली. पाचांतले तीनच काटे कामाचे, दोन नुसते हजेरीला. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे आजच्या मानाने बैलगाडी. पण ‘आउट’ लिहिलंय तिथे एक टोक, ‘इन’ लिहिलंय तिथे दुसरं टोक, आणि झालं. तिला ड्रायव्हर लागत नाही, पासवर्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही, भाचा लागत नाही. आमच्या पॅडवाल्याच्या ऑक्टोपॅडला फक्त ही गोल भोकं आहेत. म्हणून त्याला वाटतं की आपलं वाद्य जुनं झालं. मी त्याला म्हणतो, बाबा, तुझंच तेवढं शहाणं आहे.

मग १९९६ साली यूएसबी आली. ती घडवणाऱ्या इंटेलमधल्या मंडळींचे म्होरके अजय भट्ट हे बडोद्याचे, तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. बडोदं म्हटलं की मराठी माणसाची छाती अर्धा इंच फुगते, ती मीही फुगवून घेतली. इंटेलने २००९ साली एक जाहिरात काढली होती. भट्ट कचेरीतल्या चहापाण्याच्या खोलीत शिरतात आणि सगळे त्यांच्याकडे रॉकस्टार असल्यासारखे बघतात. त्या जाहिरातीत भट्टांचं काम एका नटाने केलं होतं. गायचं एकाने आणि ओठ हलवायचे दुसऱ्याने, याची आपल्याला सवय असल्यामुळे मला ते मुळीच खटकलं नाही.

पुढे १९९९ च्या नोव्हेंबरात मिडी यूएसबीवरून कसं न्यायचं त्याची नियमावली झाली. कागदावर ती दृष्ट लागण्यासारखी आहे. साध्या यूएसबीचा वेगसुद्धा गोल पिनेच्या ३८४ पट, आणि एका तारेत सोळा तारांचा ऐवज. फक्त एक अट आहे. तारेच्या एका टोकाला यजमान पाहिजे आणि दुसऱ्या टोकाला पाहुणा. यजमान म्हणजे कॉम्प्युटर. पाहुणे म्हणजे माउस, प्रिंटर, कीबोर्ड आणि बाकी सगळी प्रजा. काकांच्या दोन्ही कीबोर्डांच्या मागे त्या चौकोनी भोकावर बारीक अक्षरांत ‘टू होस्ट’ लिहिलेलं आहे. ते कुणी वाचत नाही, कारण ते मागे आहे, आणि कारण ते बारीक आहे, आणि मुख्य म्हणजे कारण आपण माहितीपुस्तिका वाचणाऱ्यांतले नाही.

दोन्हींकडे चौकोनी भोकं, तेव्हा दोन्ही टोकांना चौकोनी पिन असलेली वायर हवी, असा काकांनी हिशोब केला आणि तपकीर गल्ली गाठली. अशी वायर बाजारात नसते. ती नसावी म्हणूनच यूएसबीच्या दोन टोकांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत, दोन पाहुण्यांची चुकून गाठ पडू नये म्हणून. पण ‘मिळणार नाही’ हे वाक्य तपकीर गल्लीत उच्चारलं जात नाही.

‘दोन्हींकडनं चौकोनी का? बसा काका. जॉइंट लावून देतो.’

‘चालेल ना पण?’

‘बसणार शंभर टक्के.’

बसली खरंच शंभर टक्के. चालण्याबद्दल त्याने काहीच म्हटलं नव्हतं.

दिवाळसणाला आलेले दोन जावई एका दिवाणावर बसवावेत आणि घरातली झाडून सगळी माणसं बाहेर जावीत, तसं त्या दोन कीबोर्डांचं झालं. दोघांनाही तहान लागलेली, माठ समोर, पण उठायचं कुणी? यूएसबीचा पाहुणा म्हणजे अस्सल जावई. तो आपणहून तोंड उघडत नाही. यजमानाने अखंड विचारत राहायचं, ‘काही म्हणायचंय का?’ आणि मग त्याने म्हणायचं, ‘हो, मधल्या सप्तकातला गंधार दाबलाय.’ ही विचारपूस सेकंदाला हजाराच्या हिशोबाने चालते आणि बहुतेक वेळा उत्तर ‘काही नाही’ असंच असतं. उंबऱ्यावर आल्या आल्या ओळखपरेड होते. कुठल्या घराण्याचे, नाव काय, काय काम करता, आणि आहार किती? ओळख पटेपर्यंत १०० मिलिअँपिअरवर भागवायचं, पटल्यावर जास्तीत जास्त ५००. फोन आणि टॅबलेट हे गरिबाघरचे यजमान. ताटभर जेवणारा पाहुणा दिसला की ते सरळ पडद्यावर पाटी लावतात, या उपकरणाला फार वीज लागते, जमणार नाही. मग मध्ये स्वतःचा अडॅप्टर असलेला हब ठेवायचा, म्हणजे जेवणाची सोय परस्पर होते.

यातला फोन हा मोठा लबाड प्राणी. कॉम्प्युटरकडे गेला की पाहुणा, आणि कीबोर्ड लावला की यजमान. पण आज आपण कोण आहोत हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. आमच्या पॅडवाल्याच्या जुन्या फोनला ओटीजी नावाचं बोटभर अडॅप्टर लागतं, त्याचं एवढंच काम. त्यातली एक जास्तीची पिन ग्राउंडला जोडलेली असते. तेवढ्या खुणेवरून फोनला कळतं की आज पाहुणे आपल्याकडे आहेत, आणि तो पदर खोचतो.

दोन कीबोर्ड लॅपटॉपशिवाय जोडायचे असतील तर मध्ये यजमानगिरी करणारी तळहाताएवढी डबी मिळते. यूएसबी होस्ट द्या म्हटलं की वाद्यांच्या दुकानात समजतं. ती दोघांनाही विचारते आणि एकाचा निरोप दुसऱ्याला देते, बाकी काही करत नाही. काकांना हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण निवेदकाचं तांत्रिक मत आणि तबलजींचं राजकीय मत, दोन्ही आमच्या संचात ऐकून घेतली जातात.

मग ते लॅपटॉपमधून जोडायचं ठरलं आणि सल्लागारांचा मोसम सुरू झाला.

यूएसबीच्या दुखण्यात वैशिष्ट्य असं, की प्रत्येकाचा एकच ठरलेला उपाय असतो आणि तो कधी ना कधी लागू पडलेला असतो. त्यामुळे कुणालाच मोडीत काढता येत नाही. काकांचा भाचा हिंजवडीला आहे. तो खोलीत शिरतानाच विचारतो, ‘मामा, ड्रायव्हर टाकला का?’ आता, १९९९ ची ती नियमावली पाळणाऱ्या वाद्याला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. विंडोज, मॅक, फोन सगळ्यांना ती बोली उपजत येते. पण काही कंपन्यांना वाटलं की आपली घरगुती बोली जास्त गोड आहे. त्यांच्या वाद्याला त्यांचाच ड्रायव्हर. आणि कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर लिहायचा कंटाळा केला, की लाखभराचं चांगलं वाजतं वाद्य एका रात्रीत मुकं. काही कीबोर्डांच्या मेनूत फार आत एक जागा असते, जिथे ‘जेनेरिक’ की ‘व्हेंडर’ हे निवडता येतं. भाच्याने ती जागा शोधली. जेनेरिक केलं. काही झालं नाही. पुन्हा व्हेंडर केलं. काही झालं नाही. दोघांनी मिळून कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो बदल कीबोर्ड बंद करून चालू केल्यावरच लागू होतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. अखेर चिडून काकांनी बटण बंद केलं, पाणी प्यायले, पुन्हा चालू केलं, आणि चाललं. काकांचा आजही विश्वास आहे की ते पाण्याने झालं.

पॅडवाल्याचा उपाय म्हणजे ‘पोर्ट बदला’. लॅपटॉपचं डावीकडचं मागचं भोक शुभ आहे, असं तो मानतो. मी आधी हसायचो. पण यात अंधश्रद्धा निम्मीच आहे. ज्या वाद्याला स्वतःचा अनुक्रमांक नसतो ते वेगळ्या भोकात खोचलं की विंडोज त्याला नवाच माणूस समजतो आणि त्याच्या नावाआधी २ किंवा ३ लावून नवी नोंद करतो. गाण्याच्या प्रोग्रॅमला मात्र जुन्याच नावाची ओढ. तो जुन्याची वाट बघत बसतो, नवा समोर उभा असतो. तेव्हा कालच्या भोकातच आजही खोचायचं, ही रीत शास्त्रशुद्ध आहे. शिवाय आतून निळ्या दिसणाऱ्या वेगवान भोकाशी काही जुन्या यंत्रांचं पटत नाही, तिथे मध्ये जुन्या पद्धतीचा हब घातला की भांडण मिटतं. पॅडवाल्याला यातलं काहीच ठाऊक नाही. पण तो उदबत्ती लावत नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

साउंडवाले दादा एकाच गोष्टीवर ठाम असतात. ‘वायर बदला हो आधी.’ आणि मला फार वाईट वाटतं, पण बहुतेक वेळा तेच खरे ठरतात. जगात मोबाइलबरोबर, पंख्याबरोबर, दिव्याबरोबर आलेल्या अशा असंख्य वायरी आहेत, ज्यांच्यात फक्त विजेच्या दोनच तारा असतात. निरोपाच्या दोन तारा पैसे वाचवायला घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही वायरी सख्ख्या बहिणी. कीबोर्डचा दिवा लागतो, म्हणजे वायर चांगली आहे, असा सगळ्यांचा निष्कर्ष. मग भाचा पुन्हा ड्रायव्हरकडे, पॅडवाला पुन्हा डावीकडच्या मागच्या भोकाकडे, आणि मी गीतरामायणाकडे.

सगळ्यांत वर असते ती ‘यूएसबी टू मिडी’ नावाची स्वस्त वायर, ऑक्टोपॅडची गोल पिन लॅपटॉपला जोडणारी. तिच्या दोन गोल टोकांवर ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिलेलं असतं. आता हे इन वायरचं की वाद्याचं? म्हणजे ‘इन’ लिहिलेलं टोक वाद्याच्या इनमध्ये घालायचं की आउटमध्ये? हे बनवणाऱ्याने आपल्या मनाशी ठरवलेलं असतं आणि स्वतःपाशीच ठेवलेलं असतं. एकदा सुलट, मग उलट. पॅडवाल्याने दोन्ही करून बघितलं, ढोलकी वाजली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की पॅड प्रत्येक थापेला दोनदा वाजतोय. पॅडचा निरोप लॅपटॉपकडे जात होता आणि लॅपटॉपमधला प्रोग्रॅम तोच निरोप आज्ञाधारकपणे पॅडला परत पाठवत होता, म्हणून पॅड पुन्हा वाजत होता. यावर ‘लोकल ऑफ’ नावाची सोय अनेक वाद्यांत असते आणि प्रोग्रॅममध्येही हे परत पाठवणं थांबवता येतं. तबलजी म्हणाले, राहू दे की, दुगुन छान येतेय.

एवढं सगळं जुळल्यावर मिक्सर वर केला की येतो तो ‘घूंऽऽ’. याची कथा मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात १९८३ ची माणसं पुन्हा भेटतात. गोल पिनेच्या मिडीत दोन वाद्यांचा विजेचा स्पर्शच होत नाही. निरोप आत येतो तिथे एक बारीक दिवा उघडमीट करतो आणि समोरचा डोळा ते बघून निरोप टिपतो. प्रकाश जातो, वीज जात नाही. वेगवेगळ्या भिंतीतल्या वेगवेगळ्या प्लगांवर चालणारी वाद्यं जोडली की हमिंग येणार, हे त्या लोकांनी आधीच ओळखलं होतं. यूएसबीत तसा पडदा नाही. लॅपटॉपचा चार्जर, कीबोर्डचा अडॅप्टर, मिक्सरचा प्लग, सगळ्यांची ग्राउंड एकमेकांत गुंतते आणि त्या वेटोळ्यातून भुंगा निघतो. साउंडवाले दादा मागून ओरडतात, ‘लॅपटॉपचा चार्जर काढा!’ काढला की भुंगा गप्प. पण बॅटरी उरलेली असते निम्मी, आणि निमंत्रणपत्रिकेवर गाणी छापलेली असतात तेवीस. मग पुढचा सगळा कार्यक्रम काका स्वरलिपीकडे कमी आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे जास्त बघून वाजवतात. यावर आयसोलेटर मिळतो, तो घ्यावा. प्लगची अर्थची जाड पिन उपटून टाकणारे महाभागही मी पाहिलेत. त्याने हमिंग जातं, आणि एखाद्या ओल्या पहाटे गायकही जाऊ शकतो.

अडकलेल्या षड्जाबद्दल सांगितल्याशिवाय मात्र मला उठता येणार नाही. मिडीत पट्टी दाबल्याचा निरोप वेगळा आणि सोडल्याचा वेगळा. पहिला पोचला आणि दुसरा वाटेत हरवला, तर स्वर सुटत नाही. कधीच सुटत नाही. गायिकेला शाल द्यायला स्टेजवर आलेल्या एका पाहुण्यांचा पाय वायरीत अडकला, नेमका काका षड्जावर थांबलेले असताना. वायर निघाली. काकांनी बोट उचललं. सा चालूच. काकांनी दोन्ही हात वर करून श्रोत्यांना दाखवले, की बघा, मी वाजवत नाहीये. सा चालूच. मी माइकपाशी आलो आणि एका संथ, अखंड, व्हायोलिनच्या ताफ्यावर गीतरामायणाचा किस्सा सांगायला लागलो. इतका भारदस्त तो कधीच झाला नव्हता. गायिकेने त्याच सा वर एक आलाप घेऊन टाकला. तबलजींनी, उगाच वेळ कशाला घालवा म्हणून, डग्गा लावून घेतला. मिडीच्या नियमावलीत यावरही तोड आहे. वाद्याने दर ३०० मिलिसेकंदांच्या आत ‘मी आहे, मी आहे’ असा निरोप पाठवत राहावं आणि तो थांबला की समोरच्याने आपणहून गप्प व्हावं. पण ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक गोष्टींचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ‘पॅनिक’ नावाचं बटण असतं, ते दाबलं की सगळे स्वर सुटतात. भाच्याने ते शोधून दाबलं तेव्हा सभागृहात अशी काही शांतता झाली, की शालवाल्या पाहुण्यांना वाटलं गाणं संपलं, आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या.

परवाच्या तालमीत मी संचाला आनंदाची बातमी दिली. मिडीची नवी आवृत्ती, २.०, २०२० सालच्या जानेवारीत मंजूर झाली आहे आणि हळूहळू वाद्यांत येते आहे. जोर १२७ पर्यंत मोजायची सक्ती गेली, आता ६५ हजारांच्या वर पायऱ्या. आणि मुख्य म्हणजे वाद्यं आधी एकमेकांची चौकशी करतात. तुम्हाला काय काय येतं? आम्हाला हे येतं. पलीकडून उत्तर आलं नाही तर समजून घेतात की समोरचा जुन्या वळणाचा आहे, आणि मुकाट्याने १९८३ च्या बोलीत बोलतात.

पॅडवाला त्या वेळी गोल पिनेच्या वायरीची गुंडाळी करत होता.

‘म्हणजे सर, ते दोन जावई आता आपापसांत बोलणार?’

‘बोलणार.’

‘यूएसबीवरनं?’

‘यूएसबीवरनं.’

‘आणि मध्ये लॅपटॉप नसला तरी?’

नाही म्हटलं, मध्ये यजमान हवाच. यूएसबीची ती अट तशीच आहे.

‘मग नुसतं बोलून काय करणार?’ तो म्हणाला. ‘चहा कोण आणणार ते सांगा.’